शब्द टाकणारा माणूस: इंदूरच्या गिरणी भागातलं एक प्रकरण

अनंत चतुर्दशीची रात्र, वर्ष २०२४. झांक्यांची, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतल्या चित्ररथांची, रांग चिकमंगलूर चौराह्यावरून जेल रोडकडे सरकत होती. तीन वाजून गेले असतील. एका झांकीपुढे अखाडा खेळत होता, मागे डीजे वाजत होता आणि दोन्हींच्या मधल्या गर्दीत सोळा वर्षांच्या एका मुलाने एकोणीस वर्षांच्या दुसऱ्याच्या मांडीत बटनदार चाकू मारला. जखमीला टाके पडले, दुसऱ्या दिवशी तो घरी गेला. मुलाला पोलिसांनी सकाळी घरातूनच नेलं. तो पळाला नव्हता, झोपला होता. त्याच्याबरोबर दोन सज्ञान तरुणांचीही नावं लागली.

पोलिसांच्या सामाजिक पार्श्वभूमी अहवालात गुन्ह्याच्या कारणापुढे एकच खूण आहे: मित्रांची संगत. हा अहवाल छापील नमुन्यात असतो, त्यात कारणंही आधीच छापलेली असतात. आईवडिलांचं दुर्लक्ष, अतिलाड, संगत, नशेसाठी पैसा, इतर. खूण खोटी नाही. पण ती संगत कशी लागली आणि लागल्यावर सुटेना का, हे त्या रकान्यात मावत नाही.

मी या भागात संध्याकाळची अभ्यासिका चालवते. हा मुलगा सातवीपासून माझ्याकडे यायचा, त्यामुळे घर, गल्ली आणि नंतरचे कागद असं तिन्ही जवळून बघायला मिळालं. त्याचं नाव देणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा नसता तरी दिलं नसतं. गल्ली ओळखू येऊ नये म्हणून आसपासच्या एकदोन घरांचे तपशीलही यात मिसळले आहेत. घरी त्याला धाकटा म्हणतात, इथेही तेच.

घर

आजोबा खानदेशातून आले आणि हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. ही मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. सुमारे ५,९०० कामगारांची देणी अडकली आणि ती हातात पडायला डिसेंबर २०२३ उजाडला, म्हणजे बत्तीस वर्षं. तोवर आजोबा नव्हते. पैसे आजीच्या नावावर आले, तीन मुलांत वाटले गेले. धाकट्याच्या घराच्या वाट्याला जे आलं ते छपराच्या पत्र्यांत आणि जुन्या उधारीत गेलं.

गिरण्या बुडाल्या म्हणून पोरं बिघडली, हे वाक्य इंदुरात कुणीही सांगेल. मला ते फार ढोबळ वाटतं. गिरणी बंद पडली तेव्हा या मुलाचा बाप तेरा वर्षांचा होता; मुलाचा जन्म पुढे सतरा वर्षांनी. न पाहिलेल्या भोंग्याचा परिणाम इतक्या लांबून थेट होत नाही. गिरणीबरोबर जे गेलं त्यातली एकच गोष्ट या प्रकरणात मला स्पष्ट दिसते, ती म्हणजे कामाला लागण्याची रीत. आजोबांना त्यांच्या मामाने लावलं होतं. मामा मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, आपला पोरगा आहे, जबाबदारी माझी. काही महिने बदली कामगार म्हणून, मग कायम. पोरगा पाळीवर उशिरा आला की मुकादम मामाला बोलावून घ्यायचा. मामाची पत पोराच्या मागे उभी असायची आणि ती जाऊ नये म्हणून मामा पोराच्या मानगुटीवर बसायचा. आजी हे अजून सांगते, तेव्हा त्यात कौतुक कमी आणि मामाबद्दलचा राग जास्त असतो.

बापासाठी असा शब्द टाकायला कुणी उरलंच नव्हतं. नमकीनच्या कारखान्यात पॅकिंग, मग लोडिंग रिक्षा, आता भाड्याची ई-रिक्षा. माणूस सरळ आहे, पीत नाही, मारत नाही. आई विजयनगरकडे तीन घरी पोळ्या करते. मोठा भाऊ जेल रोडला मोबाईलच्या दुकानात. मोडलेलं घर शोधायला आलेल्याला इथे काही सापडणार नाही, आणि हेच प्रकरणातलं अवघड आहे.

शाळेचं थोडक्यात. सहावी-सातवी लॉकडाऊनमध्ये, घरात फोन एकच आणि तोही भावाचा. आठवीपर्यंत ढकलगाडी. नववीत गणित आणि इंग्रजी गेलं. पुन्हा नववीत बसायचं म्हणजे लहान भावंडांच्या वयाच्या पोरांबरोबर बसायचं. जुलैत तो शाळेत गेला, ऑगस्टनंतर गेला नाही. शाळेतून कुणी विचारायला आलं नाही.

ओटा

दोन गल्ल्या सोडून एक बंद पडलेली पिठाची चक्की आहे. तिच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं बसतात. मधोमध तिशीतला एक जण बसतो, त्याला सगळे भिया म्हणतात. भिया आपल्यातलाच, घरी मराठी बोलणारा. त्याचा धंदा रोजच्या वसुलीवर व्याजाने पैसे देण्याचा. भाजीवाले, अंड्याच्या गाड्या, शिवणकाम करणाऱ्या बायका त्याच्याकडून घेतात आणि रोज संध्याकाळी थोडे थोडे फेडतात. सट्ट्याचं बोललं जातं, ते मी पाहिलेलं नाही. याशिवाय भिया गणपतीचा मंडप उभारतो, समग्र आयडीतलं, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब ओळख क्रमांकातलं, नाव दुरुस्त करून आणतो, दवाखान्यात ओळख काढतो. नगरसेवकाच्या कार्यालयात चकरा मारून कंटाळलेली बाई शेवटी ओट्यावर येते. मी दोघींना स्वतः जाताना पाहिलंय, त्यातली एक अभ्यासिकेत मुलगी पाठवणारी आहे.

धाकटा तिथे कसा पोचला? बोलावलं कुणीच नव्हतं. गिरणीच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळून येताना पाटनीपुऱ्याजवळ दुसऱ्या मोहल्ल्याच्या पोरांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि हातातला भावाचा फोन काढून घेतला. घरी आल्यावर बाप म्हणाला, त्या रस्त्याने जायचंच कशाला. भाऊ ठाण्यात गेला, तिथे बिल मागितलं. फोन सेकंडहँड, बिल कुठून आणणार. भियाच्या कानावर ही गोष्ट कुणीतरी घातली आणि रात्री दहाच्या आत फोन घरी आला. आणून देणाऱ्या पोराने चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हा कुणी काही मागितलं नाही. पुढेही बराच काळ मागितलं नाही. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, रक्ताची सोय करा म्हणून सांगितलं गेलं. नातेवाइकांना फोन झाले, प्रत्येकाला काही ना काही अडचण होती. ओट्यावरची दोन पोरं सकाळी जाऊन रक्त देऊन आली. या घराला लागलेलं ते पहिलं खरं कर्ज, आणि ते कोणत्याच वहीत नव्हतं.

त्यानंतर मोटरसायकलवर मागे बसणं सुरू झालं. पुढचा वसुली करणार, मागच्याने फक्त बसायचं आणि पैशांची पिशवी धरायची. संध्याकाळचे दोनशे रुपये. मागच्या सीटवर कोवळं पोर बसवण्यामागे हिशेब होता, आणि तो त्याला उघडपणे सांगितलाही गेला: तू अठराच्या आतला आहेस, तुला काही होत नाही. मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला याच बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. अहवालाच्या नमुन्यातही मुलाचा टोळीने किंवा प्रौढांनी वापर केला आहे का, असा स्वतंत्र प्रश्न असतो. आमच्या कागदावर त्यापुढे ‘नाही’ लिहिलेलं आहे.

पैशाचं काय? महिन्याला पाचेक हजार व्हायचे. त्यातले निम्मे सकाळच्या पोह्यात, पेट्रोलमध्ये आणि सिगारेटमध्ये परत त्याच कोंडाळ्यात जायचे. एवढे पैसे कुठल्याही दुकानात पोऱ्याला मिळतात. मी त्याला हे एकदा मांडून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “ताई, तिथे नववीचं कुणी विचारत नाही.”

भियाने त्याला चौदा हजारांचा फोन घेऊन दिला, फेड हळूहळू म्हणाला. मग इन्स्टाग्राम आलं. त्याच्या नावापुढे ३०२, मित्राच्या नावापुढे ३०७. गंमत म्हणजे १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाचं १०९. पोरांनी काही बदललं नाही. १०९ लिहून कुणाला घाबरवणार? कलमाचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो, धाक कशाने बसतो एवढं मात्र पक्कं ठाऊक असतं.

भिया नसताना

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा काळ पोलिसांच्या कागदात नाही. २०२४ च्या सुरुवातीला भिया जिलाबदर, म्हणजे तडीपार, झाला. मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियम १९९० नुसार माणसाला एक वर्षापर्यंत जिल्ह्याबाहेर आणि लगतच्या जिल्ह्यांबाहेर काढता येतं. इंदुरात डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस आयुक्तालय आल्यापासून हे अधिकार पोलिसांच्याच हातात आले. गल्लीत सुटकेची भावना होती, ओटा रिकामा झाला. वसुली मात्र थांबली नाही. फोनवरून चालली. मधल्या फळीतली पोरं बाउंड ओव्हर झालेली, म्हणजे चांगल्या वर्तनाचं बंधपत्र लिहून दिलेली, जामिनाच्या रकमेला घाबरून घरात बसलेली. मग वही आणि पिशवी कुणाकडे? ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याच्याकडे. मागच्या सीटवरचं पोरगं वर्षभरात पुढे आलं.

वर सावली नाही, हातात पैसा, आणि शेजारच्या मोहल्ल्याला हे माहीत. “कुठंय तुझा भिया?” असं विचारून त्याला दोनदा अडवलं गेलं. चाकू याच काळात आला. टोळीतली मुलं शस्त्र हल्ल्यासाठी बाळगतात असं आपण धरून चालतो, पण बाळगणाऱ्या पोराशी बोललं की आधी भीती ऐकू येते. अमेरिकेत या विषयावर भरपूर काम झालंय आणि त्यात एक गोष्ट वारंवार दिसते: संरक्षणासाठी म्हणून टोळीत गेलेली मुलं बाहेरच्या मुलांपेक्षा जास्त मार खातात. शिकागोच्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ साली मांडला. खेळण्यासाठी जमलेलं टोळकं दुसऱ्या टोळक्याशी झालेल्या भांडणातून टोळी बनतं, हे त्यांचं निरीक्षण. शंभर वर्षांपूर्वीचं शिकागो आणि आजचं पाटनीपुरा यांत काही साम्य नाही, तरी क्रिकेटवरून परतणाऱ्या पोराच्या थोबाडीतून हे प्रकरण सुरू झालं हे विसरता येत नाही.

त्या रात्रीचं फार सांगण्यासारखं नाही. तीन दिवस आधी वसुली करताना त्याला भर बाजारात थप्पड पडली होती आणि कुणीतरी तिचा व्हिडिओ फिरवला होता. पूर्वी थप्पड गल्लीत संपायची. ही त्याच्याच फोनवर त्याला पाच जणांनी पाठवली. झांकीत तोच पोरगा समोर आला, हसला. बाकीचं दहा सेकंदांत झालं. या झांक्यांना शंभर वर्षांची परंपरा आहे. गिरण्या गेल्या तरी त्यांच्या नावाच्या झांक्या महापालिका आणि विकास प्राधिकरणाच्या मदतीवर अजून निघतात. धाकटा ज्या झांकीमागे चालत होता ती त्याच्या आजोबांच्या मिलची.

मंडळापुढे

एरवी मुलाच्या हातून छोटा गुन्हा घडला तर गुन्हा नोंदवण्याऐवजी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि अहवाल जातो. इथे सज्ञान साथीदार असल्याने एफआयआर झाला. धोकादायक हत्याराने दुखापत आणि आर्म्स ॲक्ट, दोन्ही तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची कलमं, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हे. मुलगा निरीक्षण गृहात गेला आणि काही दिवसांनी जामिनावर सुटला.

त्या काही दिवसांत काय झालं ते बघा. कायद्याने त्याला मोफत वकील मिळायला हवा. तो मिळायचाही. पण त्याच्या आधी भियाने पाठवलेला वकील पोचला. बापाने थरथरत वकालतनाम्यावर सही केली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, “काही म्हणा, वेळेला तोच आला.” मला राग आला, पण त्यात खोटं काय होतं? फोन गेला तेव्हा, रक्त लागलं तेव्हा, पोरगा आत गेला तेव्हा, प्रत्येक वेळी पहिला माणूस ओट्यावरूनच आला होता. आपण सगळे दुसरे.

बाल न्याय कायद्याचं कलम १२ म्हणतं की मुलाला जामीन द्यायचा, पण सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याचा संभव असेल तर नाकारता येतो. अशी प्रकरणं चालतात त्या बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांनी बापाला विचारलं, हा तुमच्याच गल्लीत राहणार, मग संगत कशी तुटेल? बापाने बुऱ्हाणपूरच्या मामाचं नाव सांगितलं. मुलगा तिकडे गेला. मामाने सांभाळलं, चांगलं सांभाळलं. पण मामाच्या घरात त्याला करायला काही नव्हतं, दिवसभर फोन आणि फोनवर तोच ओटा. मुलाला बाहेरगावी पाठवणं हा आपल्याकडचा रामबाण उपाय समजला जातो. माझ्या पाहण्यात त्याने वेळ मिळतो, बाकी काही मिळत नाही. संक्रांतीला तो परत आला.

बाहेर

इथून पुढे जे झालं त्याचं श्रेय कुठल्याही योजनेला जात नाही.

अखाड्याचे एक उस्ताद आहेत, सत्तरी ओलांडलेले, आजोबांबरोबर एकाच खात्यात होते. पोलोग्राउंडमध्ये मोटर रिवायंडिंगचं एक छोटं वर्कशॉप आहे, त्याचा मालक लहानपणी या उस्तादांकडे लाठी शिकलेला. उस्ताद धाकट्याला घेऊन गेले आणि म्हणाले, झांकीत चाकू चालवणारा हाच, लपवत नाही, जबाबदारी माझी. मालकाने पंधरा दिवस बघतो म्हटलं. काम म्हणजे जळालेल्या मोटरची जुनी तार काढायची, तिचं गेज मोजायचं, फेरे मोजून वहीत लिहायचे आणि तेवढ्याच फेऱ्यांची नवी कॉइल भरायची. एक फेरा चुकला तर मोटर तापते आणि गिऱ्हाईक परत येतं. पहिल्या आठवड्यात त्याने दोन कॉइल वाया घालवल्या. मालकाने त्याला काही न बोलता उस्तादांना फोन केला. संध्याकाळी उस्ताद दारात हजर. आजीला हे ऐकून हसू आवरेना.

महिन्याचे सहा हजार. ओट्यावर मिळत होते त्याहून थोडेच जास्त.

भियाची मुदत संपून तो परतला होता आणि घरात सगळ्यांच्या पोटात गोळा होता. एका संध्याकाळी आई पोळ्यांच्या कामावरून थेट ओट्यावर गेली. पर्समध्ये चौदा हजार होते, बचत गटातून उचललेले. पोरं उठून उभी राहिली. तिने सगळ्यांसमोर नोटा मोजल्या, पाचशेच्या, दोनशेच्या, खाली शंभराच्या.

“अहो मावशी, हे काय? मी मागितले का कधी?”

“मागितले नाहीत, म्हणूनच देतेय.”

भियाने घेतले. न घेऊन सांगणार काय, चारचौघांत. रक्ताचं कर्ज राहिलंच, ते तिलाही माहीत आहे. पण पोराला हाक मारायला आता निमित्त उरलं नाही. टोळी सोडणाऱ्याला जिवानिशी मोल द्यावं लागतं ही कल्पना सिनेमाने पक्की केली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९८८ पासून शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. त्यात दिसलं की टोळीत गेलेली बहुतेक मुलं वर्षभरापेक्षा जास्त टिकत नाहीत, टोळीत असताना त्यांचे गुन्हे वाढतात आणि सुटल्यावर उतरतात. म्हणजे तीच मुलं, जागा बदलली की वागणं बदललेलं. धाकट्याच्या मागे कुणी आलं नाही. तो अजूनही कधी ओट्यावर थांबतो, हात मिळवतो, निघतो. मला ते आवडत नाही, पण गल्ली तीच आहे आणि तोंड चुकवून तिथे राहता येत नाही.

मंडळातलं प्रकरण मिटलं. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार या प्रकरणामुळे त्याच्यावर पुढे कुठलीही अपात्रता येणार नाही. सज्ञान साथीदारांचा खटला चालू आहे. मुक्त शाळेतून दहावीचा फॉर्म भरलाय. पास झाला तर नंदानगरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला बसवायचं मालकाच्या मनात आहे. गणित अजून कच्चंच आहे. फेरे मात्र चुकत नाहीत.

उस्तादांनी मधे आणखी एका मुलासाठी त्याच मालकाला विचारलं. तो सध्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर आहे, पंधरा वर्षांचा. मालक म्हणाला, वर्कशॉपमध्ये माणसं पाच, त्यात एक घेतला, दुसऱ्याची जोखीम नको. त्याचंही बरोबर आहे. मी सांवेर रोडच्या दोन कारखान्यांत जाऊन आले. एकाने मुलाचं वय ऐकून नाही म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, तुम्ही त्याच्या कोण? शिकवते, म्हटलं. तो म्हणाला, मग घरातलं कुणी घेऊन या. त्याचा बाप सुरतला असतो. दिवाळीत येईल तेव्हा जाणार आहोत.